मुलाकडचा बोलणारा

...नाही, मला एक सांगा, 'बसा' म्हटलं म्हणून माणसानं बसायचं तरी किती? दिवसभर बसेन, आठवडाभर बसेन, चला, पाऊस उघडेपर्यंत बसेन! पण आमच्या कासोलोच्या जिल्हा कचेरीत मला जे 'बसा' म्हणाले, ते तीन वर्षांनी 'उठा' म्हणाले! आणि विचारायला गेलं की काय? 'अहो, निवड झालीय ना तुमची? मग!' मग काय मग? निवड झालीय, मान्य. यादीत नाव आहे, मथायस कायोंडो, पहिलंच आहे, भिंतीवर लावलंय, त्यावर आता पालीनं अंडी घातलीत. फक्त नेमणुकीचं पत्र नाही. आणि निवड कशासाठी? रोजगार सल्लागार! म्हणजे नोकरी कशी मिळवावी हे लोकांना सांगणारा माणूस सरकारला हवाय, आणि तो माणूस बाहेर बाकावर नोकरीची वाट बघत बसलाय. आता ह्यावर मी काय बोलणार!

पत्रांची खिडकी नबोसाबाईंची. बाई वाईट नाहीत हो, अजिबात नाहीत. गेलो की आधी आईची तब्येत विचारणार, मग गुडघा विचारणार, आईचा, माझा नाही, मग शेंगदाणे पुढे करणार, आणि मग मान वाकडी करून म्हणणार, 'पत्र ना? टाईप झालंय.' पुढच्या खेपेला, 'सहीला गेलंय.' 'सही झाली का?' 'साहेब कार्यशाळेला एंटेबेला गेलेत.' 'आले का?' 'आले, पण ते साहेब बदलले, आता नवे साहेब.' 'नव्यांनी केली का सही?' 'ते म्हणतात जुन्यांनी टाईप केलेल्या पत्रावर मी कशी सही करू, पुन्हा टाईप करा.' 'मग केलंत का टाईप?' 'करते की! शेंगदाणे घे.' मी शेंगदाणे घ्यायचो. तीन वर्षं त्या बाईचे शेंगदाणे खाल्ले मी, त्यामुळे आवाजही चढवता येईना!

बरं, मला एकट्याला बसायचं असतं तर बसलो असतो. पण नामुतेबी होती ना! मिशनच्या दवाखान्यात नर्स. ड्युटी संपली की चिखलातनं चपला हातात घेऊन यायची, बाकाशेजारी उभी राहायची आणि एकच शब्द विचारायची, 'आलं?' मी म्हणायचो, 'नाही.' ती म्हणायची, 'बरं.' आणि हातातलं भाजलेलं कणीस मोडून अर्धं मला द्यायची. झालं. भांडण नाही, रडणं नाही, टोमणा नाही. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. मला ती फार आवडायची, आजही आवडते, पण त्या 'बरं'ची मला भीती वाटायला लागली होती.

आणि तिचे वडील, डुंगू मास्तर! रिटायर्ड हेडमास्तर. थोरली मुलगी त्यांनी एका मोबाईलवाल्याला दिली, तो दुबईला गेला, आता तिथून फक्त फोटो येतात. त्याचे एकट्याचे. तेव्हा मास्तरांनी अख्ख्या कुळाला बोलावून, काठी जमिनीवर आपटून सांगितलं, 'धाकटी मी सरकारी माणसालाच देणार. आणि पर्मनंट!' आता घरात दिलेला शब्द माणूस फिरवू शकतो, बायकोला सांगून फिरवू शकतो, पण आमच्याकडे कुळापुढे दिलेला शब्द म्हणजे संपलं. मास्तरांना मी आवडत होतो, अगदी मनापासून. ओसरीवर बसवून केळ्याचं मातोके वाढायचे, वर शेंगदाण्याचं कालवण... पुन्हा शेंगदाणे!... आणि म्हणायचे, 'तुझ्यासारखा जावई शोधून सापडायचा नाही. पत्र आण.'

तुम्ही म्हणाल, ह्या तीन वर्षांत हा खात काय होता? बोलून खात होतो. खरंच. आमच्याकडे लग्नाआधी मुलीच्या घरी ओळखीचा कार्यक्रम असतो. मुलाकडचे लोक पांढरे पायघोळ कान्झू, वर कोट, डोक्यावर टोपल्या असे येतात, आणि दार बंद! मग मुलाकडचा एक बोलणारा आणि मुलीकडचा एक बोलणारा, दोघांची जुंपते. कोण तुम्ही? कुठून आलात? उशीर का? भरा दंड! आणि लग्न हा शब्द काढायचा नाही बरं का, म्हणायचं, 'आम्हाला ह्या घरात जन्म घ्यायचाय.' आणि खुद्द नवरा मुलगा? त्यानं तोंड उघडायचं नाही! आपल्या माणसांत लपून बसायचं. शेवटी मुलीची आत्या येते, ओळीतनं हिंडते, त्याला हुडकून काढून छातीवर फूल टोचते. तोवर चूप. नवरा बोलला की कार्यक्रम मोडला.

तर मी मुलाकडचा बोलणारा. ह्या जिल्ह्यात माझ्याइतका चालणारा बोलणारा नव्हता, एक तो मुवोंगे सोडला तर, पण त्याचा नुसता आवाज मोठा. मी काय काय बोललोय! एका मुलाला चार ठिकाणांहून काढून टाकलेलं. मी म्हटलं, 'मंडळी, एवढा अनुभव ह्या वयात कुणाकडे असतो?' दिली मुलगी! दुसरा दिवसभर झोपायचा. म्हटलं, 'आमचा मुलगा घर सोडून कुठं जात नाही.' दिली! निम्म्या जिल्ह्याची लग्नं मी बोलून लावली आणि माझंच अडलेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मी. आता ह्यावर मी काय बोलणार!

पण एकदा बोललो. असाच एक कार्यक्रम होता, आमची मंडळी जरा उशिरा पोचली, रस्त्यात गाय आडवी आली होती, आणि समोर मुलीकडून मुवोंगे. लागला गर्जायला, 'सूर्य डोक्यावर आला! आमची मुलगी ताटकळली! भरा दंड!' मी दंड भरायला खिशात हात घातला आणि बघतो तर मुलीकडच्या चटईवर, निळी गोमेसी, आमच्या बायकांचा सणासुदीचा पायघोळ झगा, घालून, मुलीच्या मावश्यांत, कोण? नबोसाबाई! आता तुम्हाला सांगतो, अशा वेळी माझी जीभ माझी राहत नाही. मी म्हटलं, 'उशीर झाला, मान्य! दंड भरतो! पण मंडळी, आम्ही तुमच्या मुलीला अर्धा तास ताटकळत ठेवलं, आणि त्या निळ्या गोमेसीतल्या मावशींनी दुसऱ्या एका मुलीला तीन वर्षं ताटकळत ठेवलंय, त्याचा दंड कुणाकडं मागायचा? माझं पत्र टाईप होऊन होऊन म्हातारं झालं हो!' काय हसले लोक! मांडव हलला. म्हाताऱ्या बायका जिभा हलवून आरोळ्या ठोकायला लागल्या. नबोसाबाईंनी आधी कमरेच्या पट्ट्याचं टोक तोंडाला लावलं, मग त्याही हसायला लागल्या, आणि डोळे पुसत तिथूनच ओरडल्या, 'सोमवारी ये रे!'

सोमवारी पत्र तयार. सही आहे, शिक्का आहे, घडी घातलेली आहे. आणि बाई मला काय म्हणाव्यात? 'अरे, एवढी घाई होती तर आधी बोलायचं नाहीस का?'

आता ह्यावर... जाऊ द्या.

तर रुजू झालो. खोली बघितली. खोली गुरांच्या दवाखान्याबरोबर अर्धी अर्धी. माझ्या टेबलाशेजारी लशींचा फ्रिज, भिंतीवर गाईच्या आतड्याचं चित्र, आणि येणारा प्रत्येक माणूस आधी मलाच विचारणार, 'डॉक्टर, शेळी उठत नाही.' मीही सांगायला लागलो होतो काही काही. आणि आमचे साहेब ओपियो. उत्तरेकडचे, लिराचे. उंच, वाळके, इस्त्रीचा शर्ट, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्दावर सरकार कर लावतंय. मी विचारलं, 'सर, माझं काम काय?' म्हणाले, 'सल्ला.' 'कशाचा?' 'नोकरीचा.' 'पण सर, नोकऱ्या कुठायत?' साहेबांनी खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, 'ते दुसऱ्या खात्याकडे.'

पहिल्याच दिवशी एक आजी आल्या, नातवाला दंडाला धरून. 'ह्याला नोकरी दे.' म्हटलं, 'आजी, मी नोकरी देत नाही, सल्ला देतो.' आजी म्हणाल्या, 'बरं, मग नोकरी आधी दे, सल्ला नंतर सावकाश दे.' म्हटलं, 'आजी, नोकऱ्या माझ्याकडे नाहीत.' आजींनी खोलीभर नजर फिरवली, फ्रिजकडे बोट दाखवलं आणि विचारलं, 'त्यात काय आहे?' आता सांगा! आणि जाताना केळ्याचा घड ठेवून निघाल्या. म्हटलं, 'आजी, चालत नाही, सरकारी माणूस आहे मी!' म्हणाल्या, 'नोकरीसाठी नाही रे मेल्या, तू वाळलायस म्हणून.'

मला ते बघवेना. तीन वर्षं मी त्याच बाकावर बसलेलो ना! बाकाच्या कुठल्या फळीचा खिळा टोचतो ते मला ठाऊक. म्हणून आजींचा नातू आणि आणखी तिघं, चौघांना घेऊन मी अननस वाळवायच्या कारखान्यावर गेलो. मालकीण क्योमुगिशाबाई, भलती खमकी. गेलो सरळ मनानं, अर्ज वगैरे घेऊन. पण फाटक बंद! आणि आतून वॉचमन विचारतो, 'कोण तुम्ही?' आता मला बंद दाराआडून कुणी 'कोण तुम्ही' विचारलं की माझं काय होतं ते तुम्हाला कळलंच असेल. माझ्या तोंडून निघून गेलं, 'आम्ही वाटसरू! ह्या घरात जन्म घ्यायला आलोय!' आणि वॉचमन, दोन लेकी उजवलेला माणूस, त्यालाही राहवेना, तो आतून ओरडला, 'मग उशीर का केलात? भरा दंड!' झालं, सुरू! आतल्या बायका अननस कापायचं सोडून आरोळ्या ठोकायला लागल्या. क्योमुगिशाबाई बाहेर आल्या, कमरेवर हात. मी म्हटलं, 'न्याबो, बाईसाहेब, आपल्या बागेच्या वासानं आमची मुलं वेडी झालीत.' बाई म्हणाल्या, 'मुलांना काय येतं?' चौघांना एकेक अननस सोलायला लावला. तिघांना ठेवून घेतलं. चौथ्याकडं वरून खालून बघून म्हणाल्या, 'हा फार देखणा आहे, हा नांदायचा नाही.'

तिघांना नोकरी! जिल्ह्यात माझं नाव झालं. पण महिनाभरात आजींचा नातू वळकटी खाकोटीला मारून माझ्या टेबलापुढं हजर. 'काय रे?' म्हणतो, 'माहेरी आलोय.' 'कुठल्या माहेरी?' 'तुम्हीच दिलंत ना मला? मुकादम सगळ्यांदेखत आळशी म्हणाला. आता ते न्यायला आले तर जाईन, नाही तर इथंच राहीन.' आणि बसला फ्रिजला टेकून! हसू नका. आमच्याकडे बायको रुसून माहेरी गेली की नवऱ्यानं कोंबडा घेऊन जायचं, चार शब्द ऐकून घ्यायचे आणि तिला परत न्यायचं, ही रीतच आहे. आता जन्म घ्यायला आलोय असं मीच बोलून बसलो होतो, मग पुढची रीत कोण चुकवणार? दुसऱ्या दिवशी क्योमुगिशाबाई आल्या. मागे मुकादम. मुकादमाच्या काखेत कोंबडा. मुकादम तोंड उघडायच्या आत गुरांच्या डॉक्टरनं कोंबडा घेतला आणि त्याला लस टोचली. मग मुकादमानं चार शब्द ऐकून घेतले आणि नातू परत नांदायला गेला.

साहेब हे सगळं दारातून बघत होते. म्हणाले, 'कायोंडो, हे कुठल्या नियमात बसतं?' म्हटलं, 'कुठल्याच नाही, सर.' साहेब टेबलाशी गेले, महिन्याचा अहवाल उघडला आणि त्यात लिहिलं, 'पाठपुरावा: समाधानकारक.'

इकडे मी पत्र घेऊन डुंगू मास्तरांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून शिक्का वाचला, सही वाचली, 'जिल्हा कचेरी' दोनदा वाचलं, आणि ओळखीची तारीख ठरली. नामुतेबीनं मला त्या दिवशी अख्खं कणीस दिलं! पण पुढे प्रश्न असा, की त्या दिवशी मी नवरा. म्हणजे मी चूप. मग माझ्याकडून बोलणार कोण? मुवोंगेला मास्तरांनी आधीच आपल्याकडून धरलेला. मी विचारात बसलेलो, तर साहेब म्हणाले, 'तुझ्याकडून कोण बोलतंय?' म्हटलं, 'बघतोय, सर.' साहेब म्हणाले, 'मी बोलेन.'

मी बोलेन! ओपियो साहेब! ज्यांनी मला 'गुड मॉर्निंग'मधलं 'गुड' अजून ऐकवलं नव्हतं! पण माझं प्रोबेशन चालू, शेरा साहेबांच्या हातात. 'नको' म्हणू? आता ह्यावर मी काय बोलणार!

तो दिवस आला. आम्ही सगळे कान्झू घालून दारात, मी मधल्या ओळीत लपलेलो, पुढे साहेब. आतून मुवोंगेची गर्जना, 'कोण तुम्ही?' साहेब म्हणाले, 'ओपियो.' 'कुठून आलात?' 'कचेरीतून.' 'उशीर का केलात?' साहेबांनी घड्याळ बघितलं. 'केला नाही. आम्ही वेळेत आलो. दार तुम्ही उशिरा उघडलंत.' लोक एकमेकांकडे बघायला लागले. 'कशासाठी आलात?' मी मनात ओरडतोय, जन्म घ्यायला म्हणा, साहेब, जन्म घ्यायला! साहेब म्हणाले, 'एकाला लग्न करायचंय.' अरे देवा! माझी आई मागून म्हणाली, 'ह्यापेक्षा बोलायला गाय आणली असती.'

तरी निभावलं. आत घेतलं, बसवलं, टोपल्या उतरल्या, साखर, मीठ, मास्तरांचा नवा कान्झू, मेहुण्याचा कोंबडा, सगळं झालं. आता फक्त आत्यानं फूल लावायचं बाकी. आणि तेवढ्यात डुंगू मास्तर स्वतः उभे राहिले, कुळाला ऐकू जावं म्हणून. 'मुलगा सरकारी?' साहेब म्हणाले, 'हो.' 'पर्मनंट?'

आता तिथं 'हो' म्हणायला काय जात होतं? मी असतो तर म्हटलं असतं, 'मास्तर, पर्मनंट तर तो परमेश्वर!' आणि पुढे गेलो असतो. पण साहेबांनी आयुष्यात अहवालात खोटं लिहिलेलं नाही. म्हणाले, 'नाही. प्रोबेशन.'

मास्तरांनी विचारलं, 'पर्मनंट कधी?' साहेब म्हणाले, 'पत्र आलं की.'

मास्तरांनी काठी उचलली. म्हणाले, 'मग पत्र आलं की या.' आवाजात राग नव्हता हो. राग असता तर मी सोसला असता. म्हाताऱ्याचा आवाज ओला झाला होता. कुळापुढे दिलेला शब्द, तो तरी काय करणार? आणि मी दाराकडे बघितलं. तिथं मैत्रिणींच्यात गुडघे टेकून नामुतेबी बसलेली, नवी गोमेसी, मान खाली. आणि मला कळलं की ती मनात काय म्हणतेय. ती म्हणत होती, 'बरं.'

मी उभा राहिलो. कसा राहिलो माहीत नाही. आणि तुम्हाला सांगतो, दुसऱ्यांसाठी बोलून निम्मा जिल्हा लग्नाला लावलेला मी, मला एक धड वाक्य सुचेना! ना बाग, ना फूल, ना वाटसरू. म्हटलं, 'मास्तर, मला ती हवीय. तीन वर्षं ती विचारतेय आणि मी नाही म्हणतोय. आता पुन्हा तिला नाही सांगायला मला जमणार नाही. एवढंच.' आणि रडू आलं मला. भर मांडवात. नव्या कान्झूवर.

मुवोंगे उडालाच! 'नवरा बोलला! कार्यक्रम मोडला! उचला टोपल्या!' म्हातारे उठले, पोरं ओरडली, मेहुणा कोंबडा घेऊन उभा, परत द्यावा का ठेवावा त्याला कळेना. आणि ह्या गोंधळात आत्या उठली. नामुतेबीची आत्या, मास्तरांची धाकटी बहीण, रुंद बाई, आवाज शाळेच्या घंटेसारखा. 'कोण म्हणतं नवरा बोलला? नवरा कधी बोलतो का? हा बोलला, म्हणजे हा बोलणारा! अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक आहे हा बोलणारा आहे! मुवोंगे, तुला माहीत नाही?' मुवोंगे म्हणाला, 'माहीत आहे, पण मग नवरा कोण?' 'बघते की!' म्हणाली, आणि फूल घेऊन निघाली. माझ्यापुढून गेली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पहिल्या ओळीपाशी थांबली. आणि फूल टोचलं, ओपियो साहेबांच्या छातीवर!

'हा! सकाळपासून ह्यानं एक कामाचा शब्द बोललेला नाही. नवरा असाच असतो. दादा, विचार ह्याला, पर्मनंट आहे का?'

मास्तर बघताहेत. बहिणीकडे, साहेबांकडे, माझ्याकडे. मिशीखाली काहीतरी हललं त्यांच्या. काठी टेकून विचारलं, 'पर्मनंट?' आणि साहेब, खरं बोलणारा माणूस, ताठ उभे राहिले. 'हो सर. पर्मनंट.'

'दिली!' म्हणाले मास्तर, आणि काय आरोळ्या उठल्या म्हणता!

नामुतेबी हसत होती. तीन वर्षांत एवढी हसलेली मी बघितली नव्हती. पुढे चर्चमध्ये मीच उभा राहिलो, फादरना प्रोबेशन चाललं, संसार माझाच आहे, काळजी करू नका. पण ओळखीच्या कार्यक्रमाच्या प्रत्येक फोटोत माझ्या बायकोशेजारी फूल लावून साहेब. त्याच दिवशी मांडवामागं मला गाठून म्हणाले, 'कायोंडो, लिराला माझी बायको आहे.' म्हटलं, 'हो, सर.' 'तिला हे कळणार.' 'हो, सर.' म्हणाले, 'सल्ला दे.'

आणि सासरे शब्दाचे पक्के. नाताळला साहेबांना बोलावतात, कोंबडीचा मानाचा तुकडा त्यांच्या पानात, शेजारी खुर्ची त्यांची, आणि मला पाणी द्यायला उभं करून विचारतात, 'जावईबापूंना अजून काही हवंय का बघ.' मी म्हटलं, काही दिवसांचा प्रश्न आहे, मी पर्मनंट झालो की होईल सरळ. गेल्या महिन्यात झालो! पत्र आलं, धावत घेऊन गेलो मास्तरांकडे. त्यांनी चष्मा लावला, शिक्का वाचला, सही वाचली, नीट घडी घालून माझ्या हातात दिलं, पाठीवरनं हात फिरवला आणि म्हणाले, 'छान झालं हो. आता तुझ्यासाठीही एखादी मुलगी बघायला हरकत नाही.'